‘डेफ’ : एका शब्दाचा अर्थव्यवहार आणि त्याचे भाषांतर

डेव्हिड लॉज यांची ‘डेफ सेन्टेन्स’ ही कादंबरी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. ती त्यांनी आपल्या अनुवादकांना अर्पण केली, आणि ही कृती शीर्षकापासूनच अनुवादकांना अडचणीत टाकणारी आहे याची जाणीवही अर्पणपत्रिकेतच नोंदवली. श्रवणशक्ती गमावत चाललेल्या एका निवृत्त भाषाविज्ञान-प्राध्यापकाच्या या कथेत बहिरेपणाचा वाचक शब्द ‘डेफ’ आणि मृत्यूचा वाचक शब्द ‘डेथ’ यांच्या उच्चारसाम्यावर श्लेष साधलेला आहे. श्लेष भाषांतरात टिकत नाही, ही तक्रार जुनीच आहे. ‘डेफ’च्या बाबतीत मात्र अडचण श्लेषाच्या आधीच सुरू होते. हा शब्द शरीराच्या एका अवस्थेचे वर्णन करतो, श्रोत्यावर आरोप ठेवतो आणि गेल्या अर्धशतकात एका भाषिक समूहाचे नावही झाला आहे. यांपैकी कोणता अर्थ मराठीत आणावयाचा, याचा विचार न करता ‘बहिरा’ किंवा ‘बधिर’ लिहून मोकळे होणे ही समीक्षेतील एक अलक्षित चूक आहे.

या शब्दाचा मूळ रोख अभावाकडे आहे. इंग्रजी बोलींत गर नसलेल्या, पोकळ कवचाच्या फळाला ‘डेफ नट’ म्हटले जाई. ‘डेफ’चा जर्मन सगोत्र शब्द ‘टाउब’ हा बहिऱ्याला, पोकळ फळाला आणि संवेदना गेलेल्या अवयवालाही लागतो. मराठी ‘बधिर’चा व्यापही असाच आहे. दंतवैद्य हिरडी बधिर करतो, थंडीने बोटे बधिर होतात, आणि अन्याय पाहून न हलणारे मनही बधिर म्हटले जाते. ‘बहिरा’ हा त्याच ‘बधिर’चा प्राकृतातून आलेला वंशज; परंतु तो कानापुरता राहिला आणि तत्समाने मात्र संवेदनहीनतेचे सर्व क्षेत्र व्यापले. म्हणून ‘बधिर’ हा अधिक शिष्ट आणि ‘बहिरा’ अधिक अवमानकारक, हा प्रचलित समज तपासून पाहावा लागतो. अर्थाच्या दृष्टीने पाहता शिष्ट शब्दच माणसाला अधिक रिते ठरवतो.

अभावापासून आरोपापर्यंतचा प्रवास इंग्रजीने फार पूर्वी केला. कान बंद करून घेणाऱ्या सर्पाची बायबलमधील ५८व्या स्तोत्रातली प्रतिमा आणि ‘टर्न अ डेफ इअर’ हा वाक्प्रचार या दोहोंत ऐकू न येणे हे ऐकण्याची इच्छा नसणे ठरते. शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ या नाटकाच्या दुसऱ्या भागात फॉल्स्टाफ या संक्रमणाचा विनोद करतो. सरन्यायाधीश हाक मारीत असताना तो आपल्या पोऱ्याला, मी बहिरा आहे असे सांग, म्हणून फर्मावतो; आणि पुढे आपला खरा आजार लक्ष न देण्याचा आहे, अशी मखलाशीही करतो. विनोद साधतो तो शरीर आणि इच्छा यांतील भेद प्रेक्षकाला ठाऊक असतो म्हणून. वाक्प्रचारात मात्र हा भेद पुसला जातो.

याच्या उलट चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील बाथची स्त्री. सर्वसाधारण प्रस्तावनेत ती काहीशी बहिरी असल्याचा उल्लेख एखाद्या किरकोळ वैगुण्यासारखा येतो. कारण कळते ते तिच्या आत्मकथनात. दुष्ट बायकांच्या कथांचे पुस्तक तिचा पाचवा नवरा तिला सतत वाचून दाखवीत असे; तिने त्याची पाने फाडली तेव्हा त्याने तिच्या डोक्यावर असा तडाखा दिला की तिचा कान गेला. येथे बहिरेपण हे रूपक नाही. त्याला इतिहास आहे. स्त्रीनिंदेचे शब्द ऐकण्याची सक्ती आणि ऐकू न येणे यांचा कार्यकारणसंबंध चॉसर एका कानावर नोंदवून ठेवतो. शब्द एकच असला तरी फॉल्स्टाफ तो पांघरतो आणि ही स्त्री तो भोगते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या अर्थव्यवहाराला निर्णायक वळण मिळाले. १९६० मध्ये विल्यम स्टोको यांनी अमेरिकन सांकेतिक भाषेला स्वतःची संरचना असल्याचे दाखवून दिले. १९७२ मध्ये जेम्स वुडवर्ड यांनी श्रवणविषयक अवस्थेसाठी लहान ‘डी’ आणि सांकेतिक भाषा बोलणाऱ्या समूहासाठी कॅपिटल ‘डी’ असा लेखनभेद सुचवला. कॅरल पॅडन आणि टॉम हम्फ्रीज या स्वतः बधिर असलेल्या अभ्यासकांच्या ‘डेफ इन अमेरिका’ (१९८८) या ग्रंथाने तो सर्वपरिचित केला. एका अक्षराच्या आकारात येथे अभावाचे रूपांतर भाषेत झाले आहे.

समकालीन कवितेत या दोन अर्थांचा संघर्ष स्पष्ट दिसतो. इल्या कामिन्स्की यांच्या ‘डेफ रिपब्लिक’ (२०१९) मध्ये सैनिक एका बहिऱ्या मुलाला ठार करतात आणि दुसऱ्या दिवशी सारे गाव बहिरे होऊन उठते. सैन्याचे हुकूम कोणालाच ऐकू येत नाहीत. जुना आरोप येथे प्रतिकाराचा गुण ठरतो. तरीही बहिरेपण रूपकच राहते, असा आक्षेप घेता येईल. तो पूर्णपणे टिकत नाही. कारण गावकऱ्यांना परस्परांशी बोलण्यासाठी संकेत घडवावे लागतात, आणि त्या संकेतांची चित्रे पुस्तकात छापलेली आहेत. रूपक जेथे भाषा शिकू लागते तेथे ते निव्वळ रूपक उरत नाही. रेमंड अँट्रोबस यांचा मार्ग अधिक कठोर आहे. ‘द पर्सिव्हरन्स’ (२०१८) या संग्रहात त्यांनी टेड ह्यूज यांची बहिऱ्या मुलांच्या शाळेवरील कविता संपूर्ण खोडलेल्या स्वरूपात छापली आणि पाठोपाठ स्वतःची उत्तरादाखल कविता ठेवली. बाहेरून केलेले वर्णन वाचकाला दिसते, पण वाचता येत नाही. ऐकू न येण्याचा अनुभव येथे ऐकणाऱ्यावर उलटवला आहे.

हा सर्व वाद मराठीत आणताना पहिला अडथळा लिपीचा येतो. देवनागरीत कॅपिटल अक्षर नाही. वुडवर्ड यांचा भेद येथे लिहिताच येत नाही. ‘कर्णबधिर’ आणि ‘श्रवणबाधित’ हे शब्द वैद्यकाच्या आणि प्रशासनाच्या सोयीचे आहेत. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम दोन्ही कानांत ७० डेसिबल ऱ्हास ही बहिरेपणाची सीमा ठरवतो; प्रमाणपत्रासाठी ती आवश्यकच आहे, पण समूहाचे नाव डेसिबलमध्ये मोजता येत नाही. ‘मराठीभाषक’च्या धर्तीवर ‘संकेतभाषक’ हा शब्द या ठिकाणी अधिक उपयोगी पडेल. त्यात कानाचा उल्लेख नाही, भाषेचा आहे. ‘सांकेतिक’ म्हणजे गुप्त किंवा कृत्रिम, अशी शंका कोणी घेईल. परंतु शब्द आणि अर्थ यांचा संबंध रूढीने ठरलेला असतो, हे सोस्यूरनंतर मान्य केले तर प्रत्येक भाषा सांकेतिकच ठरते.

दुसरा अडथळा समीक्षेच्या आपल्याच परिभाषेत आहे. ध्वनी, अनुरणन, नाद, सूर या संज्ञांवाचून मराठी काव्यचर्चा एक पाऊल पुढे जात नाही. उच्चारित वाणीला अर्थाचे मूळ स्थान मानण्याच्या ज्या प्रवृत्तीवर देरिदा यांनी १९६७ मध्ये बोट ठेवले, तिच्यापासून ही परिभाषा मुक्त नाही. मात्र संस्कृत काव्यशास्त्राने श्रव्याबरोबर दृश्य काव्याचीही कोटी मानलेली आहे, आणि आनंदवर्धनाचा ध्वनी हा अखेर कानाचा विषय नसून सूचित अर्थाचा आहे. हातांनी रचलेल्या कवितेला त्या विचारात जागा आहे. ती शोधण्यापूर्वी ‘समीक्षक या स्वराबाबत बहिरा राहिला’ यासारखी वाक्ये लिहिताना थबकणे एवढे तरी मराठी समीक्षकाला करता येईल. दोष तेथे लक्ष न देण्याचा असतो. तो कानाच्या नावावर मांडला जातो.