आत्मपर निबंधातील ‘मी’ आणि बीड जिल्हा

मराठी लघुनिबंध १९२५ नंतरच्या काही वर्षांत आकारास आला. ना. सी. फडके यांनी ‘रत्नाकर’ मासिकातून आणि वि. स. खांडेकर यांनी सावंतवाडीच्या ‘वैनतेय’ पत्रातून हा प्रकार वाचकांच्या अंगवळणी पाडला. या निबंधाचा विषय कोणताही असो, त्याचा खरा नायक ‘मी’ असतो, आणि या ‘मी’ला फुरसत असते. लघुनिबंधाच्या चर्चेत त्याच्या खेळकरपणाविषयी पुष्कळ लिहिले गेले. या फुरसतीच्या अर्थशास्त्राकडे मात्र फारसे कोणी वळले नाही.

इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’ने (१९४९) या ‘मी’ला प्रथम गंभीर हादरा दिला. शीर्षकनिबंधात एका विदुषीची ओळख वडील, सासरे, पती यांच्या नात्याने करून दिली जाते, आणि ती ओळख पुरी होते ती रस्त्यावरच्या मुलांच्या तोंडून, मुलाची आई या नात्याने. येथे ‘मी’ स्वयंभू नसून नात्यांची बेरीज आहे. या बेरजेतील उपरोध आणि समाधान एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, हेच त्या निबंधाचे मोठेपण होय.

या पार्श्वभूमीवर अंबाजोगाईच्या शैला लोहिया (१९४०–२०१३) यांचे लेखन पाहणे उद्बोधक ठरेल. जन्माने त्या धुळ्याच्या. मराठीचे अध्यापन करीत असताना पती डॉ. द्वारकादास लोहिया यांच्यासमवेत त्यांनी ‘मानवलोक’ (१९८२) आणि पुढे ‘मनस्विनी’ या स्त्रीविषयक प्रकल्पाचे काम उभे केले. ‘मनतरंग’ व ‘रुणझुणत्या पाखरा’ ही त्यांच्या ललितलेखनाची नावे जुन्या लघुनिबंधाशी सोयरीक सांगतात. ‘तिच्या डायरीची पाने’ हे नाव मात्र वेगळ्या वळणाचे आहे. डायरी हा निखळ प्रथमपुरुषी प्रकार. येथे ती ‘तिची’ झाली आहे. निराधार होऊन आश्रयाला आलेल्या स्त्रीचे आयुष्य लिहिताना लेखिकेने ‘मी’ हा शब्द दुसरीला देऊन टाकला, असे या शीर्षकावरून म्हणता येईल. आत्मपर निबंधाच्या दृष्टीने हा साधा बदल नव्हे.

हा बदल बीडसारख्या जिल्ह्यात का व्हावा, याचे उत्तर तेथील जीवनात आहे. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील लक्षावधी माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटे माणूस अर्धा कोयता. जेथे व्यवहारातच माणसाची मोजणी अर्ध्याने होते, तेथे लघुनिबंधाचा पूर्णांक ‘मी’ कोठून आणावयाचा? कर्वे यांच्या निबंधातील स्त्री नात्यांनी ओळखली जाते. तोडणीवरची स्त्री नात्याने मोजली जाते. दोहोंतील अंतर शैलीचे नाही.

वार्धक्याचेही तसेच. मराठी ललित निबंधात म्हातारपण बहुधा आठवणींचा काळ म्हणून येते: आरामखुर्ची, चष्मा, दूरदेशी गेलेला मुलगा. बीडच्या गावांत टोळ्या निघून गेल्या की मागे म्हातारी माणसे आणि शाळकरी नातवंडे उरतात. आजीचे आईपण सत्तरीत पुन्हा सुरू होते, ते थेट पाडव्यापर्यंत. आठवणींना वेळ मिळावा असे ते म्हातारपण नाही. आरोग्याचा प्रश्न तर याहून कठोर आहे. राज्य शासनाच्या समितीने २०१९ मध्ये जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. राज्यात सर्वांत कमी. मुलगी जन्माला न येण्यापासून गर्भाशय गमावण्यापर्यंतचे हे चरित्र एकाच जिल्ह्याचे आहे, आणि ते अजून बव्हंशी कोष्टकांतच आहे.

तथापि ‘तिच्या डायरी’ची वाट निर्धोक आहे असे नव्हे. दुसरीचे दुःख लिहिताना प्रमाण भाषा आणि कणव या दोन गोष्टी लेखणीवर ताबा मिळवू पाहतात. सोसणारी स्त्री हळूहळू उदाहरण होते, तिच्या लहरी, तिचा विनोद, तिचे क्षुद्र हट्ट गळून जातात. कार्यकर्त्यांच्या ललितलेखनाची ही सर्वसाधारण अडचण आहे. फडक्यांच्या ‘मी’पाशी निदान लहरीपणा होता. तो ऊसतोड स्त्रीला नाकारणे हाही एक अन्यायच होय, मग तो कितीही सदिच्छेने घडो.

या संदर्भात जात्यावरच्या ओवीचा विचार लघुनिबंधाच्या अभ्यासकांनी केलेला नाही, हे नवल आहे. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांच्या प्रयत्नातून जमलेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या घरात आहे. माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांत दलित स्त्रिया डॉ. आंबेडकरांना घरातल्या माणसासारखे संबोधितात. भाऊ, बाप, लेक ही नाती तेथेही आहेत. पण ती कोणी लावलेली नसून गाणारीने स्वतः जोडलेली आहेत, आणि त्यात ‘माझा’ हा शब्द वारंवार येतो. कुटुंब, देहाचे कष्ट आणि न्यायाची ओढ या स्त्रियांनी दळता दळता एकाच दमात सांगितली, तीही पहाटे, फुरसत नसताना.