‘कोर्ट’ : खलपुरुष नसलेली व्यवस्था

राजकीय व सामाजिक व्यवस्था सामान्य माणसाचे जीवन कसे घडवते, हा मराठी कलाकृतींचा जुना विषय आहे. बहुतेक ठिकाणी या व्यवस्थेला एखाद्या खलपुरुषाचा चेहरा मिळतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटात असा चेहरा नाही. हेच त्याचे वेगळेपण होय.

लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप आहे. त्यांचे गाणे ऐकून वासुदेव पवार या गटार साफ करणाऱ्या कामगाराने जीव दिला, असे पोलिसांचे म्हणणे. वासुदेवच्या पत्नीची साक्ष वेगळेच सांगते. संरक्षक साधने नसत. विषारी वायूने त्याचा एक डोळा गेला होता. आत खडा टाकल्यावर झुरळे बाहेर आली, तरच तो उतरत असे. या साक्षीने आरोप डळमळतो. परंतु त्याला साधनांविना आत उतरवले कोणी, याचा निवाडा होत नाही. कारण खटला गाण्यावर आहे, गटारावर नाही.

अशा कामास मनाई करणारा कायदा २०१३ चा. मृतांच्या वारसांना १० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. भरपाई वाढवावी लागली, यातच वस्तुस्थिती आली.

सरकारी वकील नूतन या दुष्ट नाहीत. लोकलने घरी परतणाऱ्या, मुलाला घेऊन स्वयंपाकाला लागणाऱ्या अशा स्त्रिया बोरीवलीच्या गाडीत रोज आपल्या शेजारी बसतात. न्यायाधीशही नियमाला धरून चालतात; इतके, की बिनबाह्यांचा पोशाख घातलेल्या स्त्रीचे प्रकरण ते ऐकत नाहीत. जामिनावर सुटलेल्या शाहिराला पुन्हा अटक होते, न्यायालयाला उन्हाळी सुटी लागते आणि न्यायाधीश सहलीला जातात. येथे अन्याय घडतो तो कामकाज नियमाप्रमाणे चालल्याने.

एक आक्षेप मात्र नोंदवला पाहिजे. वकिलांच्या घरांत रेंगाळणारा कॅमेरा वासुदेवच्या पत्नीच्या नित्याच्या जगण्यात थांबत नाही. न्यायालयाप्रमाणे चित्रपटालाही ती मुख्यतः साक्षीदार म्हणूनच दिसते. ही मर्यादा हेतुपुरस्सर असली, तरी तिने मागे ठेवलेला प्रश्न आपल्यापुढे उरतोच : साक्ष संपल्यानंतर ती जगते कशी?