एकट्या अँड्र्यूचं नागरिकत्व

यंत्रमानवाच्या हक्कांचा प्रश्न साहित्यात त्याच्या जन्माबरोबरच आला. कारेल चापेकच्या १९२० च्या 'आर.यू.आर.' नाटकात हेलेना कारखान्याच्या बेटावर येते तीच रोबोंच्या मुक्तीसाठी, आणि तिची मागणी सगळ्या रोबोंसाठी असते. नंतरच्या विज्ञानकथांत ही मागणी आक्रसत गेली. न्यायासनापुढे उभा राहू लागला तो एखादाच असामान्य यंत्रमानव.

आयझॅक आसिमोव्हची 'द बायसेंटेनियल मॅन' (१९७६) ही या परंपरेतली सर्वोत्तम कथा. लाकडावर कोरीवकाम करून पैसे मिळवणारा यंत्रमानव अँड्र्यू आपलं स्वातंत्र्य विकत घेऊ पाहतो. ज्याला स्वातंत्र्य म्हणजे काय हे कळतं आणि जो ते मागतो, त्याला ते नाकारता येत नाही, असं न्यायालय ठरवतं. कथेचा कस लागतो तो या निकालानंतर. वाचनालयाकडे निघालेल्या अँड्र्यूला दोन तरुण अडवतात, कपडे उतरवायला लावतात, त्याचे भाग सुटे करायच्या गोष्टी करतात. तो कागदोपत्री स्वतंत्र आहे, पण माणसाचा हुकूम मोडणं त्याच्या मेंदूला शक्य नाही. हक्क आणि संरक्षण यांतली दरी इतक्या स्पष्टपणे दाखवणारा दुसरा प्रसंग या साहित्यात मला आठवत नाही. अखेर 'माणूस' ठरण्यासाठी तो स्वतःच्या मृत्यूची तजवीज करतो. वाचताना गलबलून येतं, तरी नागरिकत्वाची ही किंमत मला मान्य होत नाही. शिवाय अँड्र्यूसारखा दुसरा निपजू नये म्हणून त्याला बनवणारी कंपनी आपल्या यंत्रमानवांची घडणच बदलते. आसिमोव्ह हे सांगतो आणि पुढे सरकतो. तिथं तो थांबायला हवा होता.

'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणी मालिकेतला 'द मेझर ऑफ अ मॅन' (१९८९) हा भाग तिथं थांबतो. डेटा हा यंत्रमानव कुणाची मालमत्ता आहे का, याचा खटला त्यात चालतो. लेखिका मेलिंडा स्नॉडग्रास पूर्वी वकिली करत, आणि ते जाणवतं. उद्या डेटासारखे हजारो तयार झाले आणि ते सारे कुणाच्या तरी मालकीचे असले, तर ती गुलामगिरीच नव्हे काय, हा बचावाचा खरा मुद्दा. डेटाला आत्मा आहे का, यावर न्यायाधीश मत देत नाहीत. तो मालमत्ता नाही आणि त्याला निवडीचं स्वातंत्र्य आहे, एवढंच सांगतात. हा संयम मला मोलाचा वाटतो. पण निकाल पुन्हा एकट्याचाच.

साहित्याबाहेरही हेच दिसतं: २०१७ मध्ये सौदी अरेबियानं सोफिया या एका यंत्राला नागरिकत्व जाहीर केलं, तेही याच वळणाचं.

'स्टार ट्रेक'च्याच 'व्हॉयेजर' या मालिकेच्या 'ऑथर, ऑथर' (२००१) या भागात होलोग्राफिक डॉक्टरला त्याच्या कादंबरीवर लेखकाचे हक्क मिळतात. तो 'व्यक्ती' आहे की नाही, हे लवाद ठरवत नाही. त्याच्याच घडणीचे इतर डॉक्टर मात्र खाणीत राबत असतात आणि शेवटी त्यांच्यातला एक दुसऱ्याला ही कादंबरी सुचवतो. हेलेनाची मागणी इथं पुन्हा जिवंत होते, आणि या वेळी ती राबणाऱ्यांच्याच तोंडून येण्याची शक्यता दिसते. पुढचं कथानक इथूनच सुरू व्हायला हवं होतं. मालिका मात्र काही आठवड्यांतच संपली.