शासनव्यवहाराची मराठी : सुलभीकरणाचा प्रश्न शब्दांचा की वाक्याचा?

शासकीय मराठी दुर्बोध आहे, या तक्रारीत आता नावीन्य उरलेले नाही. १९६० मध्ये भाषा संचालनालयाची स्थापना झाली, पुढे महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अस्तित्वात आला आणि पदनाम कोश, शासन व्यवहार कोश यांसारखी साधने सिद्ध झाली. तेव्हापासून या तक्रारीचा रोख प्रामुख्याने संस्कृतनिष्ठ परिभाषेवरच राहिला आहे. या रोखाची तपासणी करणे अगत्याचे आहे. कारण निदान चुकले तर उपचारही चुकतो.

परिभाषेच्या वादाला मराठीत दीर्घ परंपरा आहे. सतराव्या शतकात रघुनाथपंडिताच्या राज्यव्यवहारकोशाने फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात नाशिकजवळच्या भगूरचे वि. दा. सावरकर यांनी भाषाशुद्धीच्या भूमिकेतून तोच प्रश्न पुन्हा उभा केला. दोन्ही प्रयत्नांची प्रेरणा अस्मितेची होती. शब्द कोणत्या कुळातला, हा त्यांचा प्रश्न होता. वाचकाला अर्थ कळतो काय, हा नव्हे. सुलभीकरणाची आजची चर्चाही नकळत याच कुलविचारात अडकते, फक्त तिची दिशा उलट असते.

शब्दाची सुबोधता त्याच्या कुळावर अवलंबून नसते, हे ‘सात-बारा’ या एका उदाहरणानेच स्पष्ट व्हावे. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांच्या केवळ क्रमांकांवरून बनलेल्या या नावात जमिनीच्या हक्काचा वा पिकाच्या नोंदीचा लवलेशही नाही. तरीही निफाडचा द्राक्षबागायतदार त्यापाशी अडखळत नाही. वापराने रुळलेली संज्ञा पारदर्शक नसली तरी चालते. मग तो अडखळतो कोठे?

महसुली नोटिशींच्या परिचित घाटाचे एक नमुना-वाक्य घेऊ : ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, सदर प्रकरणी आवश्यक कागदपत्रांची पूर्तता विहित मुदतीत न झाल्यास आपले काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल.’ यातील जड शब्द बदलून पाहावेत : ‘वरील विषयाप्रमाणे तुम्हांला कळवण्यात येते की, या प्रकरणात लागणारे कागद ठरलेल्या मुदतीत न आल्यास तुमचे काही म्हणणे नाही असे धरून पुढचे काम करण्यात येईल.’ शब्द सोपे झाले, अंधार मात्र तसाच राहिला. कोणते कागद, कोणत्या तारखेपर्यंत, कोणाकडे, आणि ‘पुढचे काम’ म्हणजे काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

याच मजकुराचे खरे संपादन करू गेल्यास तो असा होईल : ‘तुमच्या जमिनीच्या फेरफार नोंदीवर हरकत आली आहे. तुमचे म्हणणे व खरेदीखताची प्रत अमुक तारखेपर्यंत तलाठी कार्यालयात द्या. न दिल्यास मंडळ अधिकारी तुमचे म्हणणे न ऐकता निर्णय देतील.’ येथे ‘फेरफार’, ‘हरकत’, ‘खरेदीखत’ या संज्ञा कायम आहेत. बदलली आहे ती वाक्याची रचना. शिवाय मूळ मजकुरात नसलेली माहिती संपादकाला विचारून घ्यावी लागली आहे. म्हणजेच दुर्बोधता हे अनेकदा अलंकरण नसते. ते अनुक्त राहिलेल्या गोष्टींवरचे आच्छादन असते.

या आच्छादनाचे मुख्य साधन म्हणजे ‘करण्यात येईल’ हा कर्तृलोपी प्रयोग. इंग्रजी मसुद्यांच्या अनुवादातून तो बळावला असावा. जुन्या मोडी पत्रव्यवहारात फार्सी शब्दांची रेलचेल आणि ठराविक मायने असत. तरीही कोणी कोणास लिहिले आणि काय करावयाचे, हे सहसा लपत नसे. आधुनिक नोटिशीत आज्ञा उरते, आज्ञा देणारा मात्र व्याकरणातून नाहीसा होतो. कर्ता नसेल तर दाद कोणाकडे मागावी? म्हणून हा प्रश्न केवळ शैलीचा नाही, उत्तरदायित्वाचा आहे.

ब्रिटनमध्ये अर्नेस्ट गॉवर्स यांनी १९४८ मध्ये सरकारी नोकरांसाठी ‘प्लेन वर्ड्स’ लिहिले, ते तेथील अर्थखात्याच्याच सूचनेवरून. प्रशासनाने स्वतःच्या गद्याची समीक्षा स्वतःहून मागवावी, ही त्यातील लक्षणीय गोष्ट. मराठीत कोशरचनेला जेवढे बळ मिळाले, तेवढे वाक्यविचाराला मिळालेले नाही.

अर्थात सुलभीकरणाला मर्यादा आहेत. ‘कब्जेदार’ आणि ‘मालक’ यांतील कायदेशीर भेद सोपेपणासाठी पुसता येणार नाही. कर्ता खरोखरच गौण असेल तेथे कर्मणी रचना युक्तच ठरते. संक्षेप म्हणजेही सुबोधता नव्हे. वरील संपादनात एका वाक्याची तीन वाक्ये झाली आहेत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. वि. वा. शिरवाडकरांच्या जन्मदिनी, २७ फेब्रुवारीला, त्यांच्या नाशिकसह सर्वत्र मराठीचा गौरव होतो. या गौरवाची कसोटी मात्र समारंभात नाही. नोटीस हाती पडलेल्या माणसाला ती दुसऱ्याकडून वाचवून घ्यावी लागते की नाही, यातच ती आहे.