‘एकच प्याला’तील व्यसनमीमांसा

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकावरील टीकेत एक आक्षेप वारंवार आढळतो. सुधाकराच्या अधःपातास नाटककाराने पुरेसे कारण दिलेले नाही, हा तो आक्षेप होय. न्यायालयात मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळ रद्द होते, तळीराम पेला पुढे करतो आणि एका बुद्धिमान, मानी वकिलाचा सर्वनाश होतो. एवढ्याशा निमित्तातून एवढी शोकांतिका संभवत नाही, असे टीकाकारांचे म्हणणे. ज्या कारणाने व्यसनास आरंभ होतो त्याच कारणाने ते दृढ होते, हे यात गृहीत धरलेले आहे. आणि नेमके हेच गृहीत व्यसनविज्ञानास मान्य नाही.

मद्य मेंदूतील ‘गाबा’ या शामक द्रव्याचे कार्य वाढविते व ‘ग्लुटामेट’ या उत्तेजक द्रव्याचे कार्य दडपते. सेवन नित्याचे झाले की मेंदू उलट दिशेने झुकून आपला तोल सावरतो. मग मद्य एकाएकी थांबताच कंप, निद्रानाश, क्वचित झटके आणि भ्रम उद्भवतात. शिवाय, व्यसनात पदार्थाची ओढ वाढत जाते, परंतु त्यापासून लाभणारे सुख त्या प्रमाणात वाढत नाही, असे प्रतिपादन रॉबिन्सन व बेरिज यांनी १९९३ साली केले. मानभंग विसरण्यासाठी घेतलेला पहिला पेला आणि नंतरचे शेकडो पेले यांची कारणे अशी भिन्न असतात. निमित्ताचा क्षुल्लकपणा हे या नाटकाचे वैगुण्य नव्हेच.

खरी अडचण शीर्षकातील सिद्धान्ताची आहे. एक पेला घेतला की परतीची वाट बंद, हे सुधाकर व्यसनाच्या अवस्था वर्णन करून मोठ्या आवेशाने सांगतो. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकातील ते विवेचन पाहून जेलिनेक या संशोधकाने १९४६ व १९५२ साली मांडलेल्या मद्यासक्तीच्या टप्प्यांची आठवण होते. साम्य कौतुकास्पद असले तरी त्यावरून गडकऱ्यांना द्रष्टे ठरविण्याची घाई करू नये. जेलिनेकची पहिली मांडणी अवघ्या ९८ मद्यासक्तांच्या उत्तरांवर उभी होती.

या सिद्धान्ताची प्रत्यक्ष परीक्षा १९७३ साली अमेरिकेत मार्लॅट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केली. पेयांची चव ठरविण्याच्या निमित्ताने मद्यासक्तांना बोलावून काहींना टॉनिकमिश्रित व्होडका, तर काहींना नुसते टॉनिक दिले. मात्र पेल्यात काय आहे याविषयी त्यांतील निम्म्यांना खोटेच सांगितले होते. आपण व्होडका पीत आहोत असे ज्यांना वाटले ते अधिक प्याले, मग पेल्यात व्होडका असो वा नसो. प्रयोग अल्पकाळाचा होता आणि शारीरिक अवलंबनाचे सत्य त्याने खोटे ठरत नाही. तथापि, ‘एकदा ढळलो, आता सर्वच संपले’ ही समजूतच मनुष्यास पुढे ढकलते, हा मार्लॅटने नंतर विस्ताराने मांडलेला विचार सुधाकरास विलक्षण लागू पडतो.

कारण ते भाषण करणारा पुरुष स्वतः व्यसनाच्या कह्यात सापडलेला आहे. त्याचे शब्द नाटककाराचे मत समजून पाठ केले गेले. ते लक्षण म्हणून ऐकावयास हवे होते. नाटकातच त्याला उत्तर आहे. प्रेमभंगाने मद्याकडे वळलेला भगीरथ रामलालच्या सहवासात लोकसेवेस लागतो आणि मद्यातून सुटतो. सिद्धान्त खरा मानला तर हे पात्र नाटकात राहूच शकत नाही. उलट, मद्य सोडलेला सुधाकर काम मागत हिंडतो तेव्हा प्रतिष्ठित मंडळी त्याला झिडकारतात आणि तो पुन्हा पेल्याकडे वळतो. पुनःपतनाच्या कारणांत मार्लॅटने मनाची खिन्नता व इतरांशी होणारा संघर्ष यांना जे स्थान दिले, त्याचे याहून नेमके उदाहरण मराठी नाटकात शोधूनही सापडणे कठीण.

वैद्यकीय उपचार नाटकात केवळ प्रहसनरूपाने येतात. तळीरामाच्या आजारपणात डॉक्टर व वैद्य भांडत बसतात. मद्याविषयी तिटकारा निर्माण करणारे डायसल्फिराम १९४८ नंतर प्रचारात आले, ओढ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्सोनला अमेरिकेत १९९४ साली मद्यासक्तीवरील औषध म्हणून मान्यता मिळाली. तेव्हा गडकऱ्यांना याबद्दल दोष देता येत नाही. दोष द्यावयाचाच तर सुधाकराच्या सुधारणेचा सगळा भार सिंधूच्या पातिव्रत्यावर टाकण्याचा द्यावा. तिच्या सोशिकपणाने प्रेक्षकांचे डोळे पाणावतात, पण नाटकातल्या नाटकात यशस्वी झालेला उपाय रामलालचा आहे, आणि तो सुधाकराच्या वाट्यास पुरता येतच नाही.