थेरान भयत धमपालान थूब : कान्हेरीच्या स्मारकलेखांतील वचनाचा प्रश्न

१

साष्टीतील कान्हेरीचा डोंगर पूर्वी ठाणे जिल्ह्यात मोडत असे. आज तो बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आहे. परंतु त्या उद्यानाची पूर्वेकडील बाजू ठाणे शहरालाच येऊन भिडते. कल्याणशी असलेले कान्हेरीचे नाते तर याहूनही जवळचे होते. कान्हेरीच्या शिलालेखांत 'कलियण' हे नाव वारंवार येते. कल्याणचा सोनार सामिदत येथे पाण्याचे टाके, म्हणजे त्या काळच्या भाषेत 'पोढी', खोदवितो. कल्याणचा लोहार नद वाट बांधून देतो. कल्याणचा व्यापारी अपरेणु लेणे देतो आणि भिक्षूंच्या निर्वाहासाठी मगलठान गावातील, म्हणजे आजच्या मागाठाण्यातील, शेत लावून देतो. कल्याणातील अंबालिका-विहाराचा उल्लेखही कान्हेरीच्याच खडकावर आढळतो. सारांश, कान्हेरी हा कल्याणच्या बंदराने पोसलेला विहार होता.

या विहारात जिवंत भिक्षूंसाठी जशी लेणी होती, तशीच मृत भिक्षूंसाठीही जागा होती. कड्याच्या पुढे आलेल्या कपारीखाली एक लांबच लांब नैसर्गिक पडवी आहे. तीत विटांच्या सुमारे शंभर लहान स्तूपांचे अवशेष ओळीने सापडतात. आज बहुतेकांची केवळ जोती शिल्लक आहेत. मोठे चैत्यगृह आणि त्यातील भव्य बुद्धमूर्ती पाहून परतणाऱ्या प्रवाशाला ही जोती म्हणजे पडक्या भिंतीच वाटतात. वस्तुतः हे पश्चिम भारतातील एक अत्यंत महत्त्वाचे स्मारकस्थान आहे. भाजे येथील चौदा स्तूपांचा समूह याच जातीचा. तेथेही काही स्तूपांवर दिवंगत थेरांची नावे कोरलेली आहेत.

२

या स्मारकांचा अभ्यास ज्या क्रमाने झाला, तो पाहिला असता प्रत्येक पिढीने त्यांत काय शोधले हे स्पष्ट होते. १८३९ साली डॉ. जेम्स बर्ड यांनी मोठ्या चैत्यगृहासमोरील स्तूप फोडले. त्यांना राख व मौल्यवान वस्तूंबरोबर त्रैकूटक संवत २४५ चा, म्हणजे इसवी सन ४९४-९५ चा, ताम्रपट मिळाला. सिंधुदेशातून आलेल्या बुद्धरुचीने शारद्वतीपुत्राच्या, म्हणजे बुद्धशिष्य सारिपुत्राच्या, नावे कृष्णगिरीच्या महाविहारात चैत्य उभारल्याचे त्यावरून कळते. बर्ड यांच्या दृष्टीने स्तूप ही एक पेटी होती आणि तिच्या आत काय आहे, एवढाच प्रश्न होता. पुढे १८६१ मध्ये वेस्ट यांनी लेखांच्या नकला प्रसिद्ध केल्या. १८८३ मध्ये बर्जेस व ब्यूलर यांनी त्यांचे वाचन व भाषांतर दिले. १९१२ मध्ये ल्यूडर्स यांच्या सूचीत त्यांना क्रमांक मिळाले. या काळात स्तूपापेक्षा लेखाला महत्त्व आले आणि लेखांतून राजे, संवत व गावे शोधण्यात आली.

डॉ. शोभना गोखले यांच्या परिश्रमांमुळे पडवीतील स्तूपांवरचे लेख प्रकाशात आले. कान्हेरीच्या लेखांचा त्यांचा ग्रंथ १९९१ साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. वीथीतील लेखांत दिवंगत भिक्षूंच्या नावांबरोबर अर्हत्, अनागामी, त्रैविद्य, षडभिज्ञ अशा पदव्या येतात. त्यामुळे ही सामान्य दफनभूमी नसून विहाराने आपल्या श्रेष्ठांसाठी राखलेली जागा होती, हे निश्चित झाले. त्याच वर्षी ग्रेगरी शोपेन यांनी आपल्या निबंधात असे दाखविले की, बुद्धाच्या धातूंप्रमाणेच स्थानिक मृत भिक्षूंचाही विहारात पूज्यभावाने सांभाळ होत असे आणि हे स्तूप त्या व्यक्तींचेच मानले जात. हा सिद्धान्त फार मोलाचा आहे. मात्र, ही सर्व चर्चा प्रामुख्याने इंग्रजीतून झाल्यामुळे लेखांच्या व्याकरणातील एक गोष्ट भाषांतरात गळून पडते. आणि ती गोष्ट अशी आहे की, मराठी वाचकाला ती सर्वांआधी दिसावयास हवी.

३

मोठ्या चैत्यगृहाच्या जवळच एका लहानशा दालनात दगडी स्तूप आहे. त्यावरील लेख अगदी छोटा आहे. 'हेरणिक' धमणक याची 'भया', म्हणजे भार्या, सिवपालितनिका हिने दिलेले हे दान. आणि दान कोणते, तर 'थेरान भयत धमपालान थूब'. 'हेरणिक' म्हणजे हैरण्यिक, कोषाध्यक्ष किंवा सुवर्णव्यवहार करणारा. 'भयत' म्हणजे भदन्त. 'थूब' म्हणजे स्तूप. येथे 'थूप' मधील पकाराचा बकार झालेला आहे.

आता वचनाकडे पाहावे. दात्रीचा नवरा 'हेरणिकस धमणकस' असा षष्ठीच्या एकवचनात आहे. दात्रीही एकवचनातच आहे. स्तूप मात्र 'थेरान', 'धमपालान', म्हणजे षष्ठीच्या अनेकवचनात असलेल्या व्यक्तीचा आहे. एका स्तूपाखाली एकाच नावाचे अनेक थेर असणे संभवत नाही. तेव्हा हे आदरार्थी अनेकवचन आहे, यात शंका राहत नाही. भाज्याच्या स्तूपांवरही 'थेरानं भयंत' असाच प्रयोग आहे.

हा आदर सरसकट सर्व मोठ्यांना मिळत होता काय? कान्हेरीनेच याचे उत्तर दिले आहे. अपरेणूच्या लेखात राजाचा निर्देश 'रञो गोतमिपुतस सामिसिरियञसातकणिस' असा आहे. यज्ञश्री सातकर्णी हा सातवाहनांचा शेवटच्या बलाढ्य राजांपैकी एक. त्याच्या नावामागे 'सामि' व 'सिरि' अशी दोन उपपदे लागली आहेत. तरी विभक्ती एकवचनाचीच आहे. म्हणजे एकाच डोंगरावर राजा एकवचनी आणि थेर अनेकवचनी आहे. सोनार, लोहार, व्यापारी व राजा हे व्याकरणाच्या दृष्टीने एका पंक्तीला बसतात. थेर तेवढे निराळ्या आसनावर आहेत.

हे अनेकवचन मृत्यूमुळे आले, असे कोणी म्हणेल. तेही खरे नाही. कान्हेरीच्याच एका दानलेखात एक भिक्षुणी स्वतःला थेर भदन्त घोष यांची 'अंतेवासिनी' म्हणविते. तेथेही गुरूचे नाव अनेकवचनी आहे. आणि तो लेख स्मारकाचा नाही, दानाचा आहे. गुरूसाठी जे रूप, तेच स्तूपात विसावलेल्या थेरांसाठी. मरणाने व्याकरण बदलत नाही. 'कैलासवासी' किंवा 'वैकुंठवासी' यांसारखे विशेषणही धमपालांच्या नावामागे लागलेले नाही. हे स्मारक मृताला मृत म्हणत नाही. ते फक्त 'यांचे' एवढेच म्हणते.

येथे युरोपातील एका प्रसिद्ध स्मशानाशी तुलना करणे उपयुक्त ठरेल. इटलीतील पिसा येथील कांपोसान्तो या स्मशानवास्तूचे काम १२७८ साली सुरू झाले. तिच्या भिंतींवर चौदाव्या शतकात 'मृत्यूचा विजय' हे प्रचंड भित्तिचित्र रंगविले गेले. शिकारीस निघालेले सरदार आणि त्यांच्यापुढे उघड्या शवपेटिकांतील कुजणारी प्रेते, असे त्यातील एक दृश्य आहे. २७ जुलै १९४४ रोजी तोफगोळ्यामुळे लागलेल्या आगीत या वास्तूचे शिशाचे छप्पर वितळले व चित्रांची फार हानी झाली. तेथे मृत्यू प्रेक्षकाला दाखविला जातो. त्याने भ्यावे व सावध व्हावे, हा हेतू आहे. कान्हेरीतही चित्रे होती. ३४ व्या क्रमांकाच्या लेण्याच्या छतावर बुद्धाची अपूर्ण राहिलेली चित्रे आजही दिसतात. पण स्मृतिस्तूपांच्या पडवीत मृत्यूचे चित्र नाही. तेथे जे सांगावयाचे होते, ते नाव, पदवी व विभक्ती यांनीच सांगितले आहे.

४

या प्रयोगाचा मराठीशी संबंध कोणता? झ्यूल ब्लॉक यांनी मराठी भाषेच्या घडणीचा विचार करताना मराठीचे अनेकवचनी सामान्यरूप जुन्या षष्ठीच्या अनेकवचनातून आल्याचे दाखविले आहे. 'देवानाम्', त्यापासून प्राकृत 'देवाण', आणि त्यापासून 'देवांचा' यातील 'देवां'. तेव्हा 'धमपालान' यातील शेवटचे अक्षर आणि आज 'ज्ञानेश्वरांची समाधी' असे म्हणताना उच्चारला जाणारा अनुस्वार हे एकाच प्रत्ययाचे दोन काळांतील अवतार होत. रचनाही तीच आहे : पूज्य व्यक्तीचे आदरार्थी अनेकवचनी नाव, षष्ठीचा संबंध आणि स्मारकवाचक शब्द.

अर्थात येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. पहिली अशी की, प्रत्ययाची परंपरा अखंड असली, तरी तेवढ्यावरून आदरार्थी प्रयोगाची परंपराही अखंड ठरत नाही. संस्कृतातही 'आचार्याः', 'पूज्यपादाः' असे प्रयोग होतातच. तेव्हा हा मराठीचा एकटीचा वारसा असल्याचा दावा टिकणार नाही. दुसरी सूचना शब्दाविषयी आहे. 'थेर' व 'थोर' यांच्या ध्वनिसाम्यावर भुलून दोहोंची एकच व्युत्पत्ती मानू नये. 'थेर' हा 'स्थविर' पासून आणि 'थोर' हा 'स्थूर' पासून आला. 'थेर' चा मराठीतील खरा वंशज 'थेरडा' हा आहे. ज्या शब्दापुढे राजालाही न मिळालेले अनेकवचन उभे राहत होते, तो शब्द आज म्हाताऱ्या माणसाची हेटाळणी करण्यासाठी वापरला जातो. शब्दाची अशी अधोगती झाली. प्रत्यय मात्र आपली प्रतिष्ठा राखून आहे.

५

या विवेचनाचा निष्कर्ष भाषांतरापुरता पाहिला तर लहानच आहे. इंग्रजीत आदरार्थी अनेकवचनाची सोय नाही. त्यामुळे त्या भाषेत धमपाल एकवचनी होणे अपरिहार्य आहे, आणि त्याचा दोष इंग्रजी भाषांतरकारांना देता येणार नाही. परंतु ते भाषांतर मराठीत आणताना 'धम्मपाल नावाच्या स्थविराचा स्तूप' असे रूप सहज लेखणीतून उतरते. ज्या भाषेत मूळ प्रयोग जसाच्या तसा ठेवता येतो, त्याच भाषेत तो परक्या भाषेच्या अडचणीमुळे गमवावा, हे योग्य नव्हे. 'स्थविर भदन्त धम्मपाल यांचा स्तूप' हेच त्या लेखाचे यथार्थ मराठी होय.

पण प्रश्न केवळ एका प्रत्ययाचा नाही. बर्ड यांनी स्तूपाला पेटी मानले, म्हणून तो फोडला. आजचा प्रवासी त्याला विटांचा ढीग मानतो, म्हणून त्यावर पाय देऊन पुढे जातो. दोघांच्याही दृष्टीने तेथे कोणी राहत नाही. लेख मात्र उलट सांगतो. तो स्तूप कोषाध्यक्षाच्या पत्नीने दिला असला, तरी तिचा नाही. तो धम्मपालांचा आहे. पडवीतील शंभर स्तूपांपैकी बहुतेकांचे लेख नष्ट झाले, विटा ढासळल्या. तेथे ज्यांचा निर्देश 'यांचा' असा होत होता, त्यांची नावे परत मिळणे कठीण आहे. जे थोडे लेख उरले आहेत, ते वाचताना निदान वचन तरी चुकू नये. कल्याणच्या सोनार-लोहारांना राजाच्या पंक्तीला बसविणाऱ्या त्या भाषेने वेगळा मान फक्त या माणसांसाठी राखून ठेवला होता.