आश्रय नसलेले गाणे : ‘रॉक मशीन’पासून ‘इंडस क्रीड’पर्यंत

मोरोपंतांचा जन्म १७२९ साली पन्हाळगडावर झाला. त्यांचे पुढील आयुष्य बारामतीला गेले, तरी गडावरच्या माणसाला त्यांचा अभिमान वाटतो आणि तो वाटावा हे स्वाभाविकच आहे. पंतांची भाषा संस्कृतप्रचुर, समासांनी जड झालेली. शेतावरून आलेल्या श्रोत्याला ती पहिल्या ऐकण्यात उमगावी अशी कधीच नव्हती. तरीही त्यांच्या आर्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या, त्या कीर्तनकारांमुळे. कीर्तनकाराने आर्या म्हणायची, तिची फोड करायची, आख्यानात ती चपखल बसवायची आणि श्रोत्यांच्या ओठांवर सोडून द्यायची. कवीची भाषा मूठभरांची होती, परंतु तिला वाहून नेणारी एक संस्था गावोगाव उभी होती.

मुंबईतील एका इंग्रजी रॉक बँडविषयी लिहिताना मोरोपंतांची आठवण यावी, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. (कोल्हापूर परिसरात बँड म्हटले की वरातीपुढचा बँड डोळ्यांसमोर येतो, हीही एक अडचण आहेच.) पण ‘रॉक मशीन’ आणि पुढे ‘इंडस क्रीड’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या मंडळींची कारकीर्द तपासू लागलो की प्रश्न हाच उभा राहतो. मूठभरांच्या भाषेत गाणाऱ्याला वाहून कोण नेणार?

‘रॉक मशीन’ची स्थापना १९८४ साली मुंबईत झाली. गिटारवादक महेश तिनईकर आणि बेस गिटार वाजवणारे मार्क सेल्विन हे आरंभापासूनचे. गायक उदय बेनेगल नंतर आले. कीबोर्डवर झुबीन बालापोरिया, दुसऱ्या गिटारवर जयेश गांधी आणि ड्रमवर मार्क मेनेझिस अशी मांडणी पुढे स्थिर झाली. नुसती नावे वाचली तरी मुंबईचे एक छोटेसे चित्र दिसते. सारस्वत, पारशी, गुजराती, गोव्याकडचे. आणि या सर्वांना एकत्र आणणारी भाषा इंग्रजी. ती त्यांनी मिरवण्यासाठी उसनी आणली होती, हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. शाळा-महाविद्यालयांनी त्यांना जी दिली, तीच त्यांच्या मैत्रीची भाषा होती.

त्या काळी आपल्याकडील रॉक बँडांकडून अपेक्षा एकच असे : परदेशी गाणी हुबेहूब वाजवा. मूळ गाण्याच्या जितके जवळ जाल तितक्या टाळ्या. महाविद्यालयांचे महोत्सव आणि १९८६ पासून भरू लागलेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा मेळा ही या मंडळींची मुख्य व्यासपीठे. धोबीतलावला सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या शेजारी असलेले रंगभवन हे खुले नाट्यगृह म्हणजे तर या संगीताचे माहेरच. येशूसंघीयांच्या महाविद्यालयाच्या भिंतीला लागून हा सारा गजर चाले आणि त्याच दिवसांत आपल्या प्रवचनांतून रॉक संगीत हे सैतानाचे हत्यार असल्याचे बजावले जाई, ही गंमत आजही आठवण्याजोगी आहे.

अशा श्रोत्यांपुढे स्वतःची गाणी म्हणण्याचा हट्ट ‘रॉक मशीन’ने धरला. हे त्यांचे पहिले आणि माझ्या मते सर्वांत मोठे श्रेय. १९८८ साली ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ ही त्यांची पहिली ध्वनिफीत निघाली आणि १९९० साली दुसरी, ‘द सेकंड कमिंग’. दुसरीचे शीर्षक पाहून प्रभूच्या पुनरागमनाची वाट पाहणारे एखादे पालक दचकले असतील. तिथे मात्र केवळ बँडचीच दुसरी खेप अभिप्रेत होती.

या दोन्ही ध्वनिफिती आज ऐकताना वादनातील सफाई जाणवते. तिनईकरांची गिटार वेगापेक्षा सुरावटीला मान देते, बेनेगलांचा आवाज वरच्या पट्टीतही फाटत नाही. परंतु गाणी स्वतःची असली तरी अंगरखा उसनाच आहे. अमेरिकेतील त्या दशकातील बँडांचा आविर्भाव, त्यांची बंडखोरी, त्यांचे आरोळीवजा ध्रुवपद हे सगळे जसेच्या तसे आले आहे. ‘रेनेगेड’ म्हणजे फितूर, बंडखोर. पण बंड कोणाविरुद्ध? मुंबईच्या तरुणाला बंड करण्यासारखे पुष्कळ होते. ते या गाण्यांत फारसे उतरलेले नाही. अनुकरणातून सुटण्याचा निर्धार आशयापर्यंत पोहोचायला त्यांना आणखी काही वर्षे लागली.

१९९३ साली बँडने नाव बदलले. ‘इंडस’ म्हणजे सिंधू आणि ‘क्रीड’ म्हणजे आपण मिस्सेत म्हणतो तो विश्वासांगीकार. यंत्राचे नाव टाकून नदीचे आणि श्रद्धेचे नाव घेणे हे नुसते पाटी बदलणे नव्हते. आपण कोठले, हे सांगण्याची गरज त्यांना भासू लागली होती. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीचा आशिया विभागातील प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९१ पासून उपग्रह वाहिन्या आपल्या घरांत शिरल्या होत्या आणि मुंबईतील एक बँड परदेशी बँडांच्या रांगेत त्याच पडद्यावर दिसत होता. अखेर कीर्तनकार भेटला, असे कोणालाही वाटावे असा तो काळ होता.

१९९५ सालचा ‘इंडस क्रीड’ हा संग्रह या आत्मविश्वासातून आला. माझ्या मते येथे ही मंडळी प्रथमच स्वतःच्या आवाजात बोलतात. आरोळी कमी झाली आहे, गाण्यांना श्वास घ्यायला जागा मिळाली आहे, कीबोर्ड सजावटीपुरता न राहता रचनेचा भाग झाला आहे. दोन वर्षांनी, १९९७ मध्ये, बँड विसर्जित झाला.

असे का व्हावे? कलहाच्या कहाण्या प्रत्येक बँडच्या मागे असतात, त्यांत मी जात नाही. त्या १९९५ या वर्षाकडे पाहिले तर बरेच उमगते. अलीशा चिनॉय यांचा ‘मेड इन इंडिया’ त्याच साली आला आणि घराघरांत वाजला. पुढच्याच वर्षी हरिहरन आणि लेस्ली लुईस यांनी ‘कलोनियल कझिन्स’मध्ये आलाप आणि गिटार एकत्र आणले. १९९४ साली सुरू झालेली चॅनल व्ही आणि १९९६ साली भारतासाठी स्वतंत्रपणे अवतरलेली एमटीव्ही या दोन्ही वाहिन्यांना लवकरच कळून चुकले की येथे हिंदी विकले जाते. ज्या पालखीत ‘इंडस क्रीड’ बसले होते तिच्या भोयांनी वाट बदलली. रंगभवनही पुढे, या शतकाच्या आरंभी, शेजारच्या रुग्णालयांमुळे शांतता क्षेत्रात गेले आणि मैफलींना मुकले.

आश्रयाची गोष्ट कोल्हापूरकरांना वेगळी सांगायला नको. अल्लादिया खाँसाहेबांची अवघड, पेचदार गायकी सर्वांच्या चटकन पचनी पडावी अशी मुळीच नव्हती. शाहू महाराजांच्या दरबाराने त्यांना थारा दिला. १८८३ पासूनचा देवल क्लब या नगरीत ऐकणारे कान घडवीत राहिला. आणि गोव्याच्या केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या शिष्यांनी ती गायकी पुढे नेली. दरबार, क्लब, शिष्यशाखा. यांतील एकही गोष्ट मुंबईच्या रॉक बँडला लाभली नाही. त्याला लाभल्या त्या ध्वनिफितीच्या कंपन्या आणि वाहिन्या, ज्यांचे प्रेम खपाच्या आकड्याबरोबर चढते आणि उतरते.

येथे रेमो फर्नांडिस यांचे उदाहरण घेतल्याशिवाय राहवत नाही. शिवोलीच्या या गायकानेही मुख्यतः इंग्रजीतच लिहिले. १९८४ साली, म्हणजे ‘रॉक मशीन’च्या जन्मवर्षीच, त्यांनी ‘गोवन क्रेझी’ हा संग्रह घरच्या घरी ध्वनिमुद्रित केला आणि त्याच्या फिती स्वतः दुकानोदुकानी नेऊन पोहोचवल्या. त्यांच्या इंग्रजी गाण्यांत गोव्याचे गाव, गोव्याचे पुढारी, गोव्याची थट्टा आहे. जोडीला कोंकणी आणि पोर्तुगीज गाणीही आहेत. कंपनीने पाठ फिरवली तरी गोव्याने फिरवली नाही. मुंबईच्या बँडला तसे गाव नव्हते. मुंबई हे त्यांचे शहर होते खरे, पण शहराचे नाव-गाव, चाळी, लोकलगाड्या, संप आणि पाऊस त्यांच्या गाण्यांत इतके विरळ का, हा माझा त्यांच्याविषयीचा मुख्य आक्षेप आहे. इंग्रजीत गायल्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या इंग्रजीला पत्ता नव्हता, ही तक्रार आहे.

आणि ही तक्रार आपल्या धर्मग्रामांपर्यंत येऊन पोहोचते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात लोकभाषांना वाट करून दिली आणि प्रत्येक लोकसमूहाच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य ते स्थान द्यावे असेही सांगितले. त्यानंतर गिटार आपल्या चर्चमध्ये आली ती कायमची. आज महाराष्ट्रातील कितीतरी कॅथलिक मुलामुलींच्या हाती पहिले वाद्य येते ते गायकवृंदामुळे. सभागृह आहे, ध्वनिवर्धक आहे, दर रविवारी न चुकता येणारे श्रोते आहेत. ‘इंडस क्रीड’ला जे मिळाले नाही ते जवळजवळ सारे आपल्यापाशी आहे. तरीही आपल्या युवकांचे बँड सणाच्या कार्यक्रमांत बहुधा परदेशी भक्तिगीतांच्या नकला करतात, किंवा त्याच चालींवर मराठी शब्द ओढूनताणून बसवतात. मात्रा कमी पडली की ‘हो’ आणि ‘रे’ घालून खड्डा बुजवायचा, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. इंग्लंडातून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’साठी ओवी निवडली. चारशे वर्षांनंतर ओवीच्या प्रदेशातल्या मुलांनी परक्या चालीचे माप घेऊन शब्द कापावेत, याचा विचार गायकवृंदाच्या प्रमुखांनी करावयास हवा. मुंबईच्या ईस्ट इंडियन मंडळींनी लग्नघरात कर्णा-क्लॅरिनेटच्या साथीने आपल्या बोलीतली गाणी गायिली, तेव्हा वाद्य पाश्चात्त्य आणि शब्द गावठाणातला हा मेळ कोणी शिकवल्याशिवाय जमला होता.

बँड संपल्यावर उदय बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले आणि तेथे ‘आम्स फॉर शांती’ या नावाने भारतीय संगीताशी सांधा जुळवण्याचा प्रयत्न त्यांनी केला. घर सोडल्यावर घराचे सूर आठवावेत, हे परदेशी गेलेल्या आपल्या अनेक कुटुंबांना ओळखीचे वाटेल. २०१० साली ‘इंडस क्रीड’ पुन्हा उभे राहिले. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया यांच्या जोडीला रुशाद मिस्त्री आणि जय राव कवी हे तरुण वादक आले. २०१२ साली ‘एव्हॉल्व्ह’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्याच्या ध्वनिमिश्रणाचे काम टिम पामर या नामांकित इंग्रज तंत्रज्ञाने केले.

‘एव्हॉल्व्ह’मध्ये कोणालाही जिंकण्याची घाई नाही. गाणी सावकाश उलगडतात, मध्येच लय मोडून वेगळ्या वळणाने जातात, वाद्ये एकमेकांना बोलू देतात. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसांनी विशीतल्या बंडाचे सोंग न घेता गायिलेली ही गाणी आहेत, आणि त्यामुळेच ती पहिल्या दोन संग्रहांपेक्षा मला अधिक तरुण वाटतात. शहराचा पत्ता अजूनही पुसटच आहे, पण माणसाचा सापडला आहे. ज्यांच्या घरी गिटार शिकणारे मूल आहे त्यांनी हा संग्रह त्याच्या सोबत बसून ऐकावा, नंतर १९९५ चा. १९८८ च्या फितीकडे सर्वांत शेवटी वळावे, आणि तेव्हा तिच्यातल्या आरोळ्यांना थोडे हसू आले तर ते आवरू नये.